दुसऱ्याने अर्धे सोडलेले वायरिंग
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत शाळामास्तराने बोलावयाचे म्हणजे शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, नाहीतर तरुण पिढी यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी रीत आहे. चिटणीसांनी आम्हांस तसे सुचविलेही होते. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या स्वतःच्या घरात जे घडले त्याने आमचे डोळे उघडले. आणि या सभेत बसलेल्यांपैकी अनेकांची घरे बांधून व्हावयाची आहेत, किंवा नुकतीच झाली आहेत, हे आम्ही जाणून आहो. म्हणून आज विषय घेतला आहे तो घरातील विजेच्या तारांचा. आणि त्यातही, एका कारागिराने अर्धे सोडलेले वायरिंग दुसऱ्याने हाती घेऊन पुरे कसे करावे, याचा. विषय रुक्ष वाटेल. पण थोडा वेळ धीर धरावा, ही विनंती.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघाले आणि पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून एकट्या आमच्या गल्लीत चार घरांवर माडी चढली. पाचवी आमची. घर वडिलांच्या वेळचे. खाली लाकडी पट्टीवर खिळ्यांनी बसविलेले जुने वायरिंग, पोर्सेलीनचे फ्यूज, काळ्या गोल बटणांचे बोर्ड. वर दोन खोल्या आणि एक व्हरांडा बांधावा, त्याच खर्चात खालच्याही दोन खोल्यांतील तारा नव्या करून घ्याव्या, असा आमचा बेत होता. आम्ही नोकरीनिमित्त रोज सौंसरला जातो, तेथे विज्ञान शिकवितो. तेव्हा घरी काम चालू असताना देखरेखीला आमच्या मातोश्री आणि घरची मंडळी, एवढेच.

वायरिंगचे काम ओळखीच्या एका वयस्क वायरमनला दिले. लिहून काहीच केले नाही. पॉइंटच्या हिशेबाने दर ठरला, एकूण छत्तीस पॉइंट मोजले, आणि दिवाळी झाल्यावर त्याने काम धरले. स्लॅब पडण्यापूर्वी पाइप टाकले, भिंतींना झऱ्या मारल्या, डबे बसविले, संक्रांतीपर्यंत निम्म्याहून अधिक तारा ओढल्या. मग त्याने झालेल्या कामाचे पैसे मागितले. आम्ही म्हटले, "काम पुरे होऊ द्या, पुरे पैसे एकदम घ्या." पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा मागितले, आम्ही पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्या वेळी त्याने मागितले नाही. तो यावयाचाच थांबला. सौंसर तालुक्यात बोरगावच्या औद्योगिक वसाहतीकडे त्यास मोठे काम मिळाले, असे मागाहून कळले.

आम्ही पुष्कळ चिडलो. भेटेल त्यास सांगत सुटलो, की त्या गृहस्थाने आम्हांस मधेच लटकावून ठेवले. आमचे काही चुकले असेल, हा विचार त्या वेळी मनास शिवला नाही.

मागे राहिलेल्या कामाची अवस्था सांगतो. वरच्या खोल्यांत प्रत्येक डब्यातून पाच-सहा तारांची शेपटे लोंबत होती. बहुतेक सगळ्या लाल. कोणती कोठून आली आणि कोठे गेली, याची कोठेही खूण नाही. खालच्या दोन खोल्या मात्र जाण्यापूर्वी त्याने जोडून चालू करून दिल्या होत्या, कारण उन्हाळ्यापूर्वी मातोश्रींच्या खोलीत कूलर लागला पाहिजे, असा धोशा आम्हीच त्याच्यामागे लावला होता. अंगणात अर्थिंगचा खड्डा खणावयाचा होता. अंगणाची फरशी पुढे करावयाची आहे, तेव्हा दोनदा खोदकाम नको, म्हणून तो आम्हीच लांबणीवर टाकला होता.

होळी झाली, ऊन तापले, कूलर सुरू झाला. काही दिवसांनी मातोश्री म्हणू लागल्या, की कूलरला हात लागला की मुंग्या येतात. आम्ही विज्ञानाचे शिक्षक! आम्ही त्यांस सांगितले, "अम्मी, पाण्याचा ओलावा आहे, थोडेसे वाटायचेच." तो कूलर मधूनमधून आपोआप बंद पडे आणि पुन्हा चालू होई, तेही आम्ही कूलर जुना झाल्यावर घातले. मुंग्या येण्याची वेळ आणि कूलर बंद पडण्याची वेळ एकच आहे, ही गोष्ट आमच्या धाकट्या मुलीच्या ध्यानात आली. आमच्या आली नाही.

आता वायरमन शोधणे भाग पडले. पहिला जो आला त्याने पाच मिनिटे वर पाहिले, जीभ चावली, आणि म्हणाला, "हे सगळे काढून फेकावे लागेल. कोणी केले हे?" दुसरा आला तो दाराशी उभा राहूनच म्हणाला, "एवढेच ना? परवा येऊन जोडून देतो." एकाने सगळे टाकाऊ ठरविले, दुसऱ्याने सगळे ठीक धरले. डबा उघडून पाहिला मात्र दोघांपैकी एकानेही नाही. हे पाहून आम्हांस शाळेची आठवण झाली. वर्षाच्या मध्यावर बदली होऊन येणारे मास्तरही या दोन जातींचे असतात. एक वर्गात शिरताच म्हणतो, "यांना काहीच शिकविलेले नाही," आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतो. दुसरा पुस्तकात खूण असेल तेथून पुढे वाचू लागतो. मुलांना काय येते आणि काय येत नाही, हे विचारून पाहण्याचे कष्ट दोघांनाही नकोत.

तिसरा आला तो आमचाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तो आता एका परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. त्याने बसूनच घेतले नाही. आधी कूलरची हकिकत विचारली, मग मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला, आणि म्हणाला, "सर, अम्मींचा कूलर आजपासून बंद. आणि पहिले दोन-तीन रविवार मी एकही तार जोडणार नाही. नुसते पाहणार. चालेल का?"

त्याने आम्हांस जे कारण सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घराचे वायरिंग पुरे झाले, की वाढीव भारासाठी वीज कंपनीकडे अर्ज करताना ठेकेदाराच्या सहीचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून कायद्याचे धोरण असे आहे, की घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. त्या नियमांच्या जागी २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले, आणि त्यांच्या जागी २०२३ चे. पण हे तत्त्व तसेच राहिले आहे. तो म्हणाला, "सर, सही आमच्या शेटची होणार. कागदावर असे लिहिता येत नाही, की निम्मे काम आमचे आणि निम्मे त्यांचे. सही केली की भिंतीत बुजलेली तारसुद्धा आमची झाली."

दुसऱ्याचे अर्धे काम हाती घेणे म्हणजे काय, हे याहून नेमक्या शब्दांत आम्हांस सांगता येणार नाही.

आता त्याने काय काय केले ते क्रमाने सांगतो, म्हणजे आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोग होईल. प्रथम तीन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. ज्या तारेतून वीज घरात येते ती फेज. जिच्यातून परत जाते ती न्यूट्रल. आणि एरवी जिच्यात काहीच वाहू नये, पण बिघाड झाल्यास जी वीज जमिनीत नेऊन माणसाचा जीव वाचविते ती अर्थिंगची. आपल्याकडे फेजला लाल, पिवळा किंवा निळा रंग, न्यूट्रलला काळा, आणि अर्थिंगला हिरवा, असा संकेत आहे. तीन भोकांच्या सॉकेटात वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते.

पहिले काम, ओळख पटविणे. मीटरमापीची एक टाचणी तारेच्या या टोकाला आणि दुसरी लांब तारेने त्या टोकाला लावून, कोणती शेंडी कोणत्या शेंडीची, हे त्याने एकेक करून ठरविले. जी ओळखली तिला कागदी पट्टी गुंडाळून क्रमांक दिला. आम्ही शाळेतील आलेखाचा कागद घेऊन शेजारी बसलो आणि तो सांगेल तसा नकाशा काढीत गेलो. दोन रविवार यातच गेले. घरची मंडळी म्हणाली, "हा मुलगा काम करतो आहे की शिरगणती?" पण तिसऱ्या रविवारी त्या कागदावर आमचे घर आम्हांस प्रथमच आतून दिसले.

दुसरे काम, दोष शोधणे. जे सापडले ते असे. एका खोलीत दिव्याचे बटण फेजवर नसून न्यूट्रलवर बसविलेले होते. बटण बंद केले की दिवा विझे, पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी. बटण बंद आहे म्हणून कोणी निर्धास्तपणे दिवा बदलावयास हात घातला असता, तर पकडला गेला असता. दुसऱ्या खोलीत पंख्याच्या बटणापासून छतापर्यंत हिरवी तार गेलेली होती. म्हणजे जिला कोणीही अर्थिंगची समजून उघड्या हाताने धरील, ती फेज वाहून नेत होती. व्हरांड्यात पाण्याच्या मोटरीसाठी ठेवलेल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची तार जोडलेली होती. तेथे अडीचची पाहिजे. एकाच फ्यूजवर चौदा पॉइंट बांधलेले होते. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट आणि आठशे वॉटपेक्षा अधिक भार घेऊ नये, असा या कामातील सर्वमान्य दंडक आहे.

आणि मग कूलरचे सॉकेट. त्याने ते उघडले आणि काही न बोलता आम्हांस जवळ बोलाविले. अर्थिंगच्या वरच्या टोकाला जमिनीतून आलेली तार नव्हतीच. कोठून असणार, खड्डाच खणला नव्हता. त्याऐवजी तारेचा एक बोटभर तुकडा टाकून ते टोक शेजारच्या न्यूट्रलला जोडले होते. आणि त्या बोर्डाकडे येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, टोक काळे पडले होते.

यात काय घडत होते ते समजून घ्या. न्यूट्रल घट्ट आहे तोवर कूलर नीट चाले. ती ढिली होऊन सुटली, की विजेची परतीची वाट बंद. कूलर थांबे. पण मोटरीतून आलेली फेज त्या बोटभर तुकड्यावरून थेट कूलरच्या पत्र्यावर जाऊन उभी राही. त्या वेळी ज्याचा हात पत्र्याला आणि पाय ओल्या जमिनीला, तोच माणूस विजेची परतीची वाट होणार. मातोश्रींच्या पायांत रबरी चपला असत. त्यांना नमाजापूर्वी वजू करून अनवाणी खोलीत येण्याची सवय आहे. अशा वेळी त्यांचा हात कूलरला लागला नाही, ही परमेश्वराची कृपा. आमच्या पदवीचा त्यात काही वाटा नव्हता.

किती वीज प्राणघातक असते, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. पूर्वीचा साठ वॉटचा पिवळा दिवा सुमारे पाव अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेई. त्याच्या नवव्या हिश्शाएवढा, तीसेक मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला तर माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो. घरात बसविलेली एम.सी.बी. सहा, दहा किंवा सोळा अँपिअरची असते. ती तार जळू नये म्हणून आहे. तीस मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीतही नाहीत. "आमच्याकडे नवी बटणे आहेत, काही झाले तर आपोआप पडतात," असे म्हणणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. माणसासाठी जी असते ती आर.सी.सी.बी. वेगळी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सारखी तोलीत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोठेतरी भलतीकडे गेली, की ती तत्काळ पुरवठा तोडते.

एवढे पाहिल्यावर आम्ही त्या पहिल्या वायरमनच्या नावाने बोलू लागलो. मुलाने आम्हांस थांबविले. "सर, त्यांचे पाइप पाहा," तो म्हणाला. "वळणे किती मोकळी आहेत. एकाही पाइपात तार दाटलेली नाही. स्वयंपाकघरात पाण्याच्या नळापासून दूर नेले आहेत. हा माणूस काम जाणतो. मग त्याने हे असे का केले, ते त्यालाच विचारू." शिवाय एक कोडे सुटत नव्हते. मेगर नावाच्या यंत्राने पाचशे व्होल्टचा दाब देऊन तारांचे आवरण तपासतात; त्याचा रोध निदान एक मेगओहम यावा लागतो. बाकीची सर्किटे उतरली. वरच्या पश्चिमेकडच्या खोलीचे सर्किट मात्र त्याच्या दहाव्या हिश्शावर अडकले होते, आणि भिंतीत दोष नेमका कोठे, ते बाहेरून कळेना.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे बोरगावला गेलो. तो एका नव्या शेडमध्ये काम करीत होता. आम्हांस पाहून त्याने हातातली पक्कड खाली ठेवली आणि विचारले, "भांडाले आले का जी, गुरुजी?"

आमच्याआधी मुलगाच बोलला, "नाही उस्ताद, विचाराले आलो."

त्या एका शब्दाने वातावरण निवळले. मुलाने आलेखाचा कागद त्याच्यापुढे पसरला. म्हाताऱ्याने चष्मा लावला, कागदावरून बोट फिरविले, आणि पश्चिमेच्या खोलीवर थांबला. "इथं दाराच्या वर, डाव्या कोपऱ्यात, हातभर उंच डबा हाय. त्यात जोड हाय. प्लास्टरवाल्यानं माह्यासमोरच बुजवला. मी म्हणलं झाकण उघडं ठेव. त्यानं आयकलं नाई."

"आणि हिरवी तार, उस्ताद?"

"त्या दिवशी बाजार बंद होता. लाल संपला होता. गुरुजी म्हणे, आजच पंखा पाह्यजे. लावला. उद्या बदलतो म्हणलं. उद्या काई आला नाई." मग आमच्याकडे पाहून तो म्हणाला, "कूलरचा तुकडाबी तसाच. खड्डा झाला की काढनार होतो. तुमाले सांगतलं होतं जी."

सांगितले होते, हे खरे. आम्ही ऐकल्यासारखे केले होते. तरी असा तुकडा एक दिवसही टाकावयास नको होता, हे मुलाने त्यास नम्रपणे सुनावले, आणि म्हाताऱ्याने मान खाली घालून कबूल केले. कारागिराने मालकाच्या घाईपुढे वाकू नये, हा धडा त्याचा. आणि मालकाने कारागिरास घाईला लावू नये, हा आमचा.

आम्ही पाकीट काढले. झालेल्या पॉइंटांचा हिशेब आम्ही बावीस धरला होता. त्याने पैसे मोजले, त्यांतून तीन पॉइंटांचे वेगळे काढून आमच्या हातात परत ठेवले. "हे तीन अर्धेच हायत," म्हणाला. सगळीकडे ज्याची नालस्ती करीत आम्ही हिंडलो, तो हा माणूस. परतीच्या बसमध्ये आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

दाराच्या वरचे प्लास्टर नेमके त्या जागी फोडले. डबा होता. आतला जोड नुसता पिळून पट्टी गुंडाळलेला; प्लास्टरवर मारलेले पाणी आत मुरून तो ओला झालेला. जोड तोडून सबंध तार नवी ओढली, डबा झाकणासह उघडा ठेवला, आणि मेगरचा काटा जागेवर आला. म्हाताऱ्यास विचारले नसते तर सगळी भिंत खरवडावी लागली असती, किंवा त्या दुसऱ्या वायरमनप्रमाणे तसेच जोडून मोकळे झालो असतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. मे महिन्यात अंगणात खड्डा खणला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडते. कोरड्या मातीत वीज सहज मुरत नाही. म्हणून अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वर पाणी ओतण्यास नसराळे, अशी रीतसर व्यवस्था केली. तेथून प्रत्येक सॉकेटापर्यंत हिरवी तार नेली. बटणे फेजवर आणली, चौदा पॉइंटांचे सर्किट दोनांत वाटले, मोटरीची तार बदलली, खालची जुनी लाकडी पट्टी उतरविली. शेवटी आर.सी.सी.बी. बसविली, आणि ती चढवताक्षणी खटकन पडली.

आम्ही म्हटले, यंत्रच खराब आहे. पुष्कळ घरांत याच क्षणी ती काढून बाजूला ठेवतात, आणि लोकांना वाटते अडचण दूर झाली. मुलाने एकेक सर्किट सोडवून पाहिले. व्हरांड्याच्या दिव्याची फेज आर.सी.सी.बी.तून आलेली, आणि न्यूट्रल मात्र चुकून तिच्या आधीच्या न्यूट्रलला जोडलेली निघाली. आर.सी.सी.बी.तून गेलेली वीज तिच्या बाहेरून परत येत होती, म्हणून तोल जुळत नव्हता. आणि ही चूक जुन्या वायरमनची नव्हती. चौदाचे दोन भाग करताना आमच्या मुलाच्याच हातून झाली होती. त्याने ते हसत कबूल केले, आणि त्याच दिवशी दुरुस्त केले. पोळ्याच्या आत काम पुरे झाले. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणून जाम नदीकडची सगळी वर्दळ. आमच्या घरी मात्र मातोश्री कूलरला हात लावून, "आता काही नाही," असे पुन्हापुन्हा सांगत होत्या.

बंधुभगिनींनो, आता आपणांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून आटोपते घेतो. काम देताना किती पॉइंट, कोणता माल, आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे, हे कागदावर लिहून घ्या; आणि तो टप्पा येताच पैसे द्या. झालेल्या कामाचे पैसे अडवून काम लवकर होत नाही. भिंत बुजण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्या. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यास खर्च नाही. अर्धे वायरिंग असेल तर त्यातले काहीही चालू करण्याचा आग्रह धरू नका. आणि चालू करावेच लागले, तर अर्थिंगचा खड्डा सर्वांत आधी. घरातील बायका-मुलांनी "झिणझिण्या येतात" म्हटले, तर त्यांस समजावीत बसू नका. मेन स्विच बंद करा.

आणि नवा कारागीर आणलात, तर त्यास पाहण्यास वेळ द्या, त्या वेळाची मजुरी द्या. जुना हयात असेल, हाती लागत असेल, तर त्याच्याकडे जाण्यात कमीपणा मानू नका. भिंतीत काय आहे ते त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

आमच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून आता तो आलेखाचा नकाशा चिकटविलेला आहे. खाली कोपऱ्यात दोघांची नावे आम्ही आमच्या हाताने लिहिली आहेत. आधी म्हाताऱ्याचे, मग मुलाचे. त्याखाली एक ओळ कोरी सोडली आहे. आमच्या मुलांच्या वेळी कोणी तिसरा येईल, तो आपले नाव तेथे लिहील, आणि त्यास निदान शिरगणतीपासून सुरुवात करावी लागणार नाही.